चुड्याखालचा निळा डाग

“माझ्या हाताखालून गेलेल्या मनगटावर डाग? सुलभा, शुद्धीत आहेस का तू?”

शकूआत्याचा आवाज एवढा चढला, की मांडवाच्या खांबावर माळा बांधणारा लाइटवाला काम सोडून खाली बघायला लागला.

आईने पदर हातावर ओढला. “वन्सं, मी तुमचं नाव घेतलं का? उजूनं विचारलं हात का सुजलाय, तर मी म्हटलं, काल चुडा भरताना दाबला गेला असेल. बस.”

“बस काय बस! कासाराच्या घरात उभं राहून असं बोलतेस? तेही पाहुण्यांसमोर?”

“पाहुणे कुठे आलेत अजून? मांडववालेच आहेत.”

“मग ते काय बहिरे आहेत?”

लाइटवाला घाईघाईने परत वर बघायला लागला.

मी तेव्हा नववीत होते. आता अकरावीला आहे आणि “मिताली, दुसऱ्यांनाही जरा बोलू दे” हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. पण तेव्हा कोणी नाव विचारलं तरी मी आईच्या मागे सरकायचे. त्या सकाळीही आईच्या मागेच उभी होते, म्हणून पदर ओढताना तो डाग मला नीट दिसला. हिरव्या बांगड्यांच्या खाली, अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या आतल्या बाजूपर्यंत पसरलेला. शाईची बाटली कलंडल्यासारखा जांभळा, कडेने निळा.

आत्या का भडकली ते सांगते. आम्ही कासार. श्रीगोंद्यात आमचं बांगड्यांचं दुकान आहे आणि शकूआत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, लग्न होऊन शेजारच्याच गल्लीत गेली, तरी दुकानाची खरी मालकीण तीच. अंगठ्याखालचा मऊ भाग ती असा काही आत वळवते, की बांगडी गाठीवरून कधी सरकली ते कळतच नाही. कितीही कडक हात असू दे, नवरी “आई गं” म्हणत नाही. तालुक्यातल्या बायका चुडा भरायला आत्यासाठी थांबून राहतात. अशा बाईला तिच्याच भावजयीने म्हणायचं, की तुमच्या हाताने माझा हात काळानिळा झाला!

आणि दिवस कुठला, तर उजूमावशीच्या हळदीचा. उजूमावशी ही आईची धाकटी बहीण. माझे आजी-आजोबा गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली, आमच्याच घरातून शिकली. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं आणि कन्यादान आई-पप्पा करणार होते. आईने त्या एका गोष्टीसाठी वर्षभर तयारी केली होती. साडीसुद्धा तीच घेतली होती, जी तिची आई अशा वेळी नेसली असती, म्हणजे लिंबाच्या रंगाची.

तर भांडण. मी मात्र त्या डागाकडेच बघत होते. कारण त्याच सकाळी मी आईच्या पाठोपाठ बेसिनपाशी गेले होते आणि तिने चूळ भरून टाकलेला फेस गुलाबी होता.

“आई, रक्त येतंय.”

“ब्रश नवा आहे. कडक आहे मेला.”

आता डागाचं कारण बांगडी आणि रक्ताचं कारण ब्रश. दोन्ही पटण्यासारखीच होती. दुसऱ्या कोणाची आई असती, तर मलाही पटली असती.

पण माझ्या आईच्या हृदयात एक झडप धातूची आहे. लहानपणी सांधे धरून ताप आला, त्यात तिची झडप खराब झाली आणि मी चौथीत असताना पुण्याला ऑपरेशन झालं. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला दर महिन्याला तपासणी. तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये पाहिजे. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. त्या महिन्याची तपासणी “आता लग्नानंतरच” म्हणून राहून गेली होती.

इथे मला माझं विज्ञान प्रदर्शन मध्ये आणावं लागेल. इलाज नाही.

दोनच आठवडे आधी तालुक्याच्या प्रदर्शनात मी ‘पोटातले जिवाणू आणि हृदयाचं आरोग्य’ असा विषय मांडला होता. विषय मीच निवडला, आईमुळे. आतडं म्हणून वॉशिंग मशीनचा जुना पाइप, हृदय थर्माकोलचं, आणि जिवाणू म्हणजे साबुदाणा, मोहरी आणि राजगिरा. (दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी निम्मे जिवाणू पळवले.) तक्त्यावर सगळं लिहिलं होतं. भाजी, डाळ, भाकरीतला चोथा आपल्याला पचत नाही, तो आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून अशी आम्लं तयार करतात, जी रक्तदाबासाठी आणि रक्तवाहिन्यांसाठी चांगली असावीत. मटण-अंडी फार झाली, तर काही जिवाणू त्यातून असा पदार्थ बनवतात, जो यकृतातून फिरून रक्तवाहिन्यांना त्रास देतो असं दिसतंय. आणि काही जिवाणू के जीवनसत्त्व बनवतात, जे रक्त गोठायला लागतं.

आत्या बघायला आली होती. म्हणाली, “हृदय दाखवते म्हणून बोलावलंस आणि दाखवतेस काय, तर संडासचा पाइप!”

परीक्षक मात्र नीट वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “छान. पण बाळा, हे जिवाणू मेले तर? मुळात मरतील कशाने? आणि मग हृदयाच्या पेशंटला काय होईल?”

मला अर्धं येत होतं. खरं सांगते, येत होतं. पण तोंड उघडेचना. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, हसले आणि शेजारच्या टेबलाकडे गेले. तिथे सिरिंजवर चालणारा जेसीबी होता. पहिला नंबर जेसीबीला मिळाला.

आणि आता, हळदीच्या सकाळी, अंगणात दोघी भांडत असताना तोच प्रश्न माझ्या डोक्यात परत उभा राहिला. मरतील कशाने? अँटिबायोटिकने.

झालं असं होतं, की लग्नघर म्हणून आठवडाभर रोज कोणाकडे ना कोणाकडे केळवण होतं. बासुंदी, पुरणपोळी, गुलाबजाम, परत बासुंदी. आईचं पोट बिघडलं. पप्पांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाबाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. आई त्या सकाळ-संध्याकाळ घेत होती आणि जेवत होती नुसता ताकभात. भाजी नाही, पालेभाजी तर नाहीच.

म्हणजे जिवाणू मेले. के जीवनसत्त्व कमी झालं. भाजीतूनही मिळेना. आणि आईची रोजची गोळी नेमकी के जीवनसत्त्वाच्याच विरुद्ध काम करते.

म्हणजे रक्त फारच पातळ झालेलं असणार. भांडण निवलं तशी मी आईला शोधत आत गेले.

रुखवत मांडलेल्या खोलीत आई एकटी सापडली. लाडवांच्या ताटावर कागद झाकत होती.

“आई, खरं सांग. अजून कुठून रक्त येतंय का?”

“तू काय डॉक्टर आहेस का गं?”

“सांग ना.”

तिने दाराकडे बघितलं. “लघवी थोडी लालसर वाटली सकाळी. अगं, पण काल कोशिंबिरीत बीट होतं.”

“आई, काल कोशिंबीर काकडीची होती.”

ती कागद झाकायची थांबली. मग परत झाकायला लागली. “हे बघ मितू. आजची हळद आणि उद्याचं कन्यादान. एवढं होऊ दे. मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. उजूला माझ्याशिवाय कोण आहे?”

“आणि मला?”

बाहेरून कोणीतरी “सुलभावहिनी, जात्याची पूजा राहिली!” म्हणून ओरडलं आणि ती गेली.

पप्पा मागच्या बाजूला आचाऱ्याशी बोलत होते.

“पप्पा, आईचा आकडा आज तपासायला पाहिजे.”

“परवा जाऊ.”

“आज. त्या जुलाबाच्या गोळ्यांनी—”

“अगं, मेडिकलवाल्याने दिल्यात. त्याला काय कळत नाही?”

“त्याला सांगितलं होतं का, आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात आचारी म्हणाला, “शेठ, श्रीखंडात जायफळ घालू का वेलची?” आणि पप्पांना ते उत्तर द्यायला जास्त सोपं गेलं.

राहिली आत्या. ती रुसून दुकानात जाऊन बसली होती. बांगड्यांचे डबे उगाचच खालून वर आणि वरून खाली लावत होती.

“आत्या, तू खरंच आईचा हात जोरात दाबला नाहीस?”

“तूही सुरू झालीस?”

“नाही. मला फक्त खरं पाहिजे.”

तिने डबा खाली ठेवला. “सुलभाचा हात लोण्यासारखा आहे. दोन-सहा मापाची बांगडी तिच्या हातात आपोआप जाते. मी दाबलाच नाही. देवीशपथ.”

“माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

“मग?”

“मग दाबला नसताना एवढं रक्त कातडीखाली आलं कुठून?”

मी सगळं सांगितलं. फेस, लघवी, जुलाबाच्या गोळ्या, जिवाणू. सांगताना मी दोनदा अडखळले, पण थांबले नाही. आत्याला त्यातलं किती कळलं देव जाणे. शेवटी तिने एकच विचारलं.

“म्हणजे तपासणीत कळेल, की डाग माझ्या हाताने पडलेला नाही?”

“हो.”

“लेखी?”

“लेखी.”

आत्या उठली, चपला घातल्या आणि दुकानाचं शटर ओढलं. “चल. दाखवतेच तिला आता.”

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात हळद सुरू झाली होती. उजूमावशी पाटावर, बायका गोल करून गाणी म्हणत होत्या आणि ज्यांना गाणी येत नव्हती त्या एकमेकींना हळद फासत होत्या. आमच्याकडे हळद म्हणजे निम्मी कुस्ती असते. नवऱ्या मुलीच्या बहिणीला तर कोणी सोडतच नाही. दोघीतिघींनी आईला धरलंच होतं, एकीने दंडाला, एकीने त्याच सुजलेल्या हाताला, आणि खालची फरशी हळदीच्या पाण्याने निसरडी झालेली.

“सोडा तिला!”

हे मी ओरडले होते. मलाच ते नंतर कळलं.

गाणं थांबलं. तीसचाळीस पिवळी तोंडं माझ्याकडे वळली. माझा आवाज फाटला होता, पण जिच्या मागे सरकायचं ती आईच आता समोर होती.

“तिचं रक्त फार पातळ झालंय. ती पडली, डोकं आपटलं, तर ते आतल्या आत वाहत राहील. तिला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता.”

“मितू!” आईचा चेहरा हळदीखालीही लाल झालेला दिसला. “सगळ्यांसमोर काय हे?”

“सगळ्यांसमोरच पाहिजे. एकटीला सांगितलं तर तू ऐकत नाहीस.”

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, “विलासची पोरगी ना ही? हिला बोलता येतं?”

मग उजूमावशी पाटावरून उठली. हळद लागल्यावर नवरीने असं मध्येच उठायचं नसतं म्हणतात, पण ती उठली. “ताई, हात दाखव.”

“उजू, बस खाली.”

“हात दाखव आधी.”

आईने पदर बाजूला केला. सकाळपासून तो डाग कोपराच्या दिशेने चार बोटं वर सरकला होता. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मागच्या दारात पप्पा उभे होते, हातात श्रीखंडाची चव बघायची वाटी. त्यांनी ती वाटी तशीच कोणाच्या तरी हातात दिली आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.

नगरला जाताना गाडीत आत्या मध्येच एकदा म्हणाली, “सुलभा, मी दाबला नव्हता गं.” आणि आई म्हणाली, “माहितीये, वन्सं.”

दवाखान्यात डॉक्टर लगड मॅडम होत्या. त्यांनी डाग बघितला, हिरड्या बघितल्या, प्रश्न विचारले आणि रक्त घ्यायला लावलं. रिपोर्ट यायच्या आत त्यांनी आईला पलंगावरून उठू नको म्हणून सांगून ठेवलं होतं. हात आणखी सुजत होता, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, बांगड्या फोडाव्या लागतील. आईने डोळे मिटले. लग्नघरातली बाई, त्यात आदल्या दिवशी भरलेला चुडा.

“बाजूला व्हा,” आत्या म्हणाली. तिने साबणाचं पाणी मागितलं, आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी अशी काढली, की मी बघतच राहिले. एकही फुटली नाही. आई एकदाही “आई गं” म्हणाली नाही.

रिपोर्ट आला. आकडा आठच्या वर होता.

लगड मॅडमनी पप्पांना बाहेर घेतलं, पण दार उघडंच होतं. “कुठलीही नवी गोळी सुरू करताना आधी विचारायचं, हे यांना ऑपरेशनच्या वेळी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं,” पप्पा म्हणाले.

“आज हळदीत घसरल्या असत्या, तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं, ते मला सांगायचं नाहीये. आणलं कोणी यांना?”

पप्पांनी माझ्याकडे बोट केलं. मॅडम आत आल्या. “तुला कसं कळलं?”

मी धडाधडा सांगितलं. साबुदाणा आणि मोहरीसकट. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “जिवाणूंचा थोडा वाटा आहे. जेवण बंद होतं, त्याचाही आहे. पण मुख्य गडबड यकृतात झाली. ती जुलाबाची गोळी रोजच्या गोळीला शरीरातून बाहेर पडू देत नाही. मग रोजची गोळी साठत जाते आणि एकीचं काम दोघीतिघींइतकं होतं. म्हणजे तुझं कारण निम्मंच बरोबर आहे.”

“निम्मं चुकलं?” माझा चेहरा पडला असणार.

“पूर्ण बरोबर कळेपर्यंत थांबली असतीस, तर?” त्या म्हणाल्या आणि सिस्टरना औषध काढायला सांगायला गेल्या.

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळला. मी आयुष्यभर पूर्ण उत्तर येण्याची वाट बघत गप्प बसत आले होते. त्या परीक्षकांसमोरसुद्धा.

आईला औषध दिलं, रोजची गोळी थांबवली आणि रात्रभर ठेवून घेतलं. धातूची झडप असल्यामुळे आकडा एकदम खूप खाली आणूनही चालणार नव्हतं. “सकाळी परत तपासू,” मॅडम म्हणाल्या. “मग ठरवू, लग्नाला जायचं की नाही.”

लग्नाच्या दिवशी कार्यालय माणसांनी भरलं होतं. आई आणि आत्या नगरला. मी आणि पप्पा रात्रीच परत आलो होतो आणि पहाटे पप्पांनी आईची साडी देऊन ड्रायव्हरबरोबर गाडी परत नगरला पाठवली होती. मुहूर्त जवळ आला, बँडवाले थांबले, आणि उजूमावशी नवरीच्या खोलीतून बाहेर येईना.

“ताईचा आकडा कळल्याशिवाय मी अंतरपाटामागे उभी राहणार नाही.”

“उजू, मुहूर्त टळेल,” पप्पा काकुळतीला आले.

“दाजी, टळू दे.”

गुरुजी घड्याळ बघत होते. नवरदेवाचे वडील घाम पुसत होते. मागच्या खुर्च्यांमध्ये तर बातमी पोचली होती, की मुलीने मुलाला नकार दिला म्हणून. त्याच्याही मागच्या खुर्च्यांमध्ये मुलगाच पळून गेला होता. बिचारा मुलगा मुंडावळ्या बांधून स्टेजवर बसलेला, सगळ्यांना दिसत होता.

पप्पांचा फोन माझ्याकडे होता. तो वाजला.

“मितू!” आत्या एवढ्या मोठ्याने बोलत होती, की फोन लांब धरावा लागला. “तीन पॉइंट नऊ! मॅडम म्हणतायत, तासभर बसून कन्यादान करू दे आणि परत आणा. आम्ही वाटेतच आहोत, वेशीपाशी. पण धक्का लागू द्यायचा नाही, फार वेळ उभं करायचं नाही, गर्दी नको. सांग सगळ्यांना!”

सांग सगळ्यांना. आत्याला वाटलं असेल, सगळ्यांना म्हणजे पप्पांना आणि उजूमावशीला. मी त्या दोघांना सांगितलं. उजूमावशीने रडता रडता शालू सावरला. पण मी समोर बघितलं, तर चारशे माणसं. आई दारातून आत आली रे आली, की यातल्या शंभर बायका तिला मिठी मारणार, हात धरणार, “काय झालं गं” म्हणून कवटाळणार.

मी स्टेजवर चढले आणि गुरुजींच्या समोरचा माइक उचलला. तो शिट्टीसारखा किंचाळला. कार्यालय गप्प झालं.

“मी मिताली. नवरीची भाची. नवरदेव पळालेले नाहीत, हे काय, इथे बसलेत.”

हशा झाला. मी तो संपेपर्यंत थांबले.

“माझी आई दवाखान्यातून कन्यादानाला येतेय. तिचं रक्त अजून पातळ आहे. तिला साधा धक्का लागला, तरी आत रक्त सांडतं आणि लवकर थांबत नाही. म्हणून तिचा हात कोणी धरायचा नाही. मिठी नाही, पाया पडणं नाही, फोटोसाठी ओढणं नाही. बोलायचं असेल तर लांबून बोला, तिला ऐकू येतं. कन्यादान झालं की ती परत जाणार आहे. आता मधली वाट मोकळी करा.”

मग पुढच्या रांगेतली एक खुर्ची सरकली, तिच्यामागची सरकली, आणि मग दारापर्यंत खुर्च्या ओढल्याचा खरखराट झाला.

आई दारात आली. लिंबाच्या रंगाची साडी, आत्या एक पाऊल मागे. तिने तेवढी मोकळी वाट बघितली आणि जागच्या जागी थांबली. मग हळूहळू चालायला लागली. दोन्ही बाजूंना आमच्या सगळ्या काक्या, माम्या, शेजारणी, दुकानातली गिऱ्हाइकं, ज्यांना माणूस दिसलं की पकडल्याशिवाय राहवत नाही त्या सगळ्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या होत्या.